जावा, अजगर आणि माझी नात

माझ्या नातीला कंप्युटरची नोकरी हवी होती आणि त्यासाठी आधी कोणती भाषा शिकायची हे तिला ठरवता येत नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घरात होळीपासून दिवाळीपर्यंत कोणाला सुखानं जेवू दिलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, एकुलती एक. बी.एस्सी. झाली. तिचे आईबाप म्हणतात पोरगी हुशार आहे. मी म्हणते डोकं आहे, बूड नाही. लहानपणी एक पोळी खायला तिला सगळ्या घरभर फिरावं लागायचं. पुढे अभ्यासही तसाच, थोडा गच्चीवर, थोडा जिन्यात, थोडा आईच्या शिलाई मशीनशेजारी. मला ती आवडते, त्याला काय करायचं. पण आवडते म्हणून तिचं कौतुकच करत बसावं, असं मला जमत नाही.

आम्ही छत्तीसगढात, बीरगांवात राहतो. मुलगा इथल्याच एका कारखान्यात शिफ्टमध्ये जातो. सून घरी ब्लाउज शिवते. माझे मालक रेल्वेत होते. ते गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि मुलानं इथं घर बांधलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते. ती झटकायची आणि कपडे घालायचे. बाकी घर चांगलं आहे.

होळी झाल्यावरची गोष्ट. मी गहू निवडत बसले होते. नात येऊन समोर बसली आणि गव्हात बोटं फिरवायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त आमच्या तोंडून कानावर पडते.

"आजी, मैं पहले कौन सी भाषा सीखूँ?"

मला बरं वाटलं. म्हटलं, आली अक्कल.

"मराठी शीक. आत्याच्या घरी गेली का मुक्यावानी बसतेस. लोक विचारतात पोट्टीले बोलता येते का नाही."

"अरे आजी! कंप्यूटर वाली भाषा."

"कंप्युटरले भाषा कायले लागते? थो का माणूस हाय?"

तिनं मग समजावलं. कंप्युटर स्वतःहून काही करत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते आणि ती त्याला कळेल अशा भाषेत. अशा भाषा पुष्कळ आहेत. सगळ्या कोणी शिकत नाही, सुरुवातीला एक धरावी लागते. ती चांगली धरली तर नोकरी, चुकीची धरली तर वेळ वाया. आणि वेळच तिच्याकडे नव्हता. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काही हाताला लागलं तर ठीक, नाहीतर ब्राह्मणपाऱ्यातल्या क्लासला जायचं आणि रेल्वेच्या परीक्षेला बसायचं.

बापाचंही चुकत नव्हतं. आमच्या घरात जे काही उभं राहिलं ते रेल्वेच्या नोकरीवर. तो म्हणायचा, "सरकारी नोकरीत एकच भाषा लागते. ‘जी साहब.’ थे तुले येतेच." नात त्यावर तोंड फिरवायची. तिला रेल्वे नको होती. कंप्युटरवर आपण सांगतो आणि ते होतं, ही गोष्ट तिला कॉलेजात कोणीतरी एकदा करून दाखवली होती, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच होतं. मी तिला विचारलं, "एवढं काय हाय त्याच्यात?" तर म्हणाली, "आजी, वो मेरी बात मानता है." घरात तिचं कोणी ऐकत नाही हे खरं आहे.

मग सल्ले सुरू झाले. तिचा मामा पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणे जावा शीक. मैत्रीण म्हणे पायथन शीक, सोपी आहे आणि सगळं जग तिच्याच मागे आहे. पायथन म्हणजे अजगर, असं नातीनंच सांगितलं. शेजारचा एक पोरगा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणे आधी सी, ते मूळ आहे, मुळाशिवाय झाड नाही. तो स्वतः नापास होऊन घरी बसला होता, पण सल्ला देताना त्याची छाती फार पुढे असायची.

आणि हे सगळे कमी पडले म्हणून मोबाइल. पोरगी सकाळपासून व्हिडिओ बघायची. मला वाटायचं शिकते आहे. हळूहळू कळलं की ती शिकत नाही, कोणती शिकावी याचेच व्हिडिओ बघते. एक माणूस दर वेळी "दोस्तों" म्हणून सुरू करायचा आणि दर वेळी वेगळी भाषा सांगायचा. स्वयंपाकघरातून मला त्याचा आवाज ओळखू यायला लागला. एकदा मी सुनेला म्हटलंसुद्धा, "हा मेला दोस्त आपल्या घरी जेवायले येऊन राहिला का काय?"

उन्हाळा लागला. एका दुपारी मी दिवाणावर पडले होते. कूलर चालू होता, त्याचा आवाज मोठा. पलीकडच्या खोलीत नात मामाशी फोनवर बोलत होती, फोन मोठ्या आवाजात ठेवून. मामा मराठीतच बोलतो. मला तुटक तुटक ऐकू येत होतं.

"...जावा सुरुवातीला त्रास देणारच... सहन करायचं... पळून जायचं नाही... एकदा जावाशी जमलं की मग मोठ्या ठिकाणी कुठंही निभावतं..."

मी उठून बसले. डोकं तापलं. तशीच उठून सुनेकडे गेले. ती मशीनवर होती.

"काय वं, पोट्टीचं लगन ठरवून राहिले अन् मले पत्ता नाही?"

सुनेच्या दातात टाचणी होती. तिनं ती काढली. "काय बोलून राहिल्या आई? कोणाचं लगन?"

"तुझा भाऊ सांगून राहिला ना तिले फोनवर. घरात जावा हाय म्हणते. त्रास देतात म्हणते. सहन कर म्हणते. कितीक जावा हाय त्या घरात? मी दोन जावांत संसार केला हाय, मले नको शिकवू. माझी पोट्टी अशा गोतावळ्यात जाणार नाही. सांगून दे तुझ्या भावाले."

सून आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मशीनवर डोकं टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी हसली की पायडलवरचा पाय दाबला गेला आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाहीवर वाकडी शिवण गेली. नात धावत आली. तिला सांगितल्यावर ती खालीच बसली.

"आजी, जावा भाषा का नाम है!"

"भाषेचं? कोण्या शहाण्यानं ठेवलं?"

"पता नहीं. कॉफी के नाम पे है शायद."

"मंग कॉफीच म्हणावं ना. लोकाच्या घरात आग लावायची का?"

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सुनेनं सांगितली. संध्याकाळी गोंदियाहून माझ्या धाकट्या जावेचा फोन.

"काय वं जाऊबाई, आपण दोघी कंप्युटरात गेलो म्हणते?"

"गेलो."

"मंग थे कोणाच्या नावानं हाय? तुमच्या का माह्या?"

"लय त्रास देते म्हणते. म्हणजे तुझ्याच नावानं असंल."

ती एवढ्या जोरात हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. आमचं तरुणपणी पटत नसे. आता पटतं, कारण ती गोंदियाला आहे आणि मी इथं.

हसणं झालं, पण पोरीचं काही ठरेना. मामाचं ऐकून तिनं जावा धरली. थोडे दिवस गेले आणि त्या "दोस्तों"नं सांगितलं की जावा मरून राहिली. सोडली. अजगर धरला. मग कोणीतरी म्हणालं, अजगर सगळेच शिकतात, त्यात नोकरी कुठे उरली. तोही सोडला. मग सी. ती तिला कळेना, आणि कळेना हे ती कोणाला सांगेना. मी म्हटलं, "मराठी मरून राहिली असं बी लोक म्हणतात. मी बोलून राहिली ना?" पण तिचं लक्ष नव्हतं. ती बारीक झाली होती. केस विंचरायची नाही. सकाळी उठून मोबाइल हातात घेताना तिच्या चेहऱ्यावर आजारी माणूस तपासणीचा कागद बघतो तसा भाव असायचा.

ज्येष्ठात तिला एका कार्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तेलीबांध्याला, तलावासमोरच्या काचेच्या इमारतीत. नवीन शिकणाऱ्या मुली-मुलांना घेणार होते. सुनेनं तिला निळा कुर्ता शिवून दिला. सकाळी गेली, दुपारी आली. चपला न काढता आत आली आणि माझ्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली.

मी म्हटलं, "पाणी पी अन् सांग."

"पूछा, क्या आता है. मैंने बोला, सब थोड़ा-थोड़ा."

"मंग?"

"बोले, किसी एक में कुछ बनाया हो तो दिखाओ."

"मंग?"

"कुछ बनाया ही नहीं है ना, आजी."

माणसं वाईट नव्हती. त्यांनी सांगितलं होतं की एक काहीतरी पक्कं करा, त्यात काही बनवा, आम्ही दिवाळीच्या सुमारास पुन्हा मुलं घेणार आहोत, तेव्हा या. पण तिला ते ऐकूच आलं नव्हतं. तिला फक्त एवढंच ऐकू आलं होतं की आपल्याला काही येत नाही. मुलगा कामावरून आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "झालं ना समाधान? क्लासवाल्याशी बोलून येतो मी." नात जेवली नाही. मी जेवले. दोघींनी उपाशी राहून काय होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे झटकत होते तेव्हा ती वर आली. डोळे सुजलेले.

"आजी, तू यहाँ आई तब तुझे कौन सी भाषा आती थी?"

"मराठी. भंडाऱ्याची. दुसरी कोणती येणार?"

"फिर?"

मी तिला सांगितलं. लग्न होऊन रेल्वे क्वार्टरात आले तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं. मालक म्हणायचे हिंदी शीक, सगळीकडे चालते. सासू म्हणायची मराठी सोडशील तर याद राख. पण पाणी घरात नव्हतं, क्वार्टरांच्या मधल्या नळावर होतं, आणि नळावर ज्या बाया होत्या त्या छत्तीसगढीत बोलायच्या. मी घागर घेऊन उभी राहायची आणि माझा नंबर आला तरी मला कळायचं नाही. मागची पुढे जायची. रिकामी घागर घेऊन घरी आले की सासूची बोलणी. म्हणून मी पहिलं वाक्य शिकले, "मोर पारी हे." माझा नंबर आहे. तेवढं एकच. ते जोरात म्हणायची. मग भांडण्यापुरतं शिकले, मग हसण्यापुरतं. हिंदी त्यानंतर आली, कधी आली ते कळलंही नाही.

"म्हणजे तू छत्तीसगढी चुनी," ती म्हणाली. पहिले दोन शब्द मराठी, पुढचे हिंदी. कधी कधी ती अशीही बोलते.

"मी काय चुनून राहिली? नळ होता, घागर होती. जे त्या नळावर बोलत थे शिकली."

"पर आजी, मेरा नल कहाँ है, वही तो नहीं पता."

कंप्युटरचं मला काय कळतं. मी म्हटलं, "काल गेली होती ना तिथं? थे लोक आत कोणत्या भाषेत काम करतात, विचारलं का?"

"नहीं."

"काहून?"

"शरम आई."

"मंग जाऊन विचार."

"मैं नहीं जाऊँगी. वो लोग पहचान लेंगे."

"ओळखू दे. चोरी केली का तू?"

ती जायला तयार होईना. म्हणून मी तिच्यासोबत गेले. गुडघ्यांनी नको म्हटलं, पण मला तलावही बघायचा होता. पूर्वी तिथं म्हशी डुंबायच्या, आता बसायला बाकडी आहेत आणि माणसं फोटो काढतात.

आम्ही त्या काचेच्या इमारतीसमोर बसलो. नात आत जायला उठायची आणि पुन्हा बसायची. मी म्हटलं, आत नको जाऊस, कोणीतरी बाहेर येईलच, पोट सगळ्यांना असतं. दुपारी गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोन मुली खाली उतरल्या आणि गुपचुपच्या ठेल्यावर उभ्या राहिल्या. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. मी नातीला ढकललं. "जा. तू बी खा. माझ्यासाठी एक प्लेट सांग, तिखट कमी."

ती जाऊन उभी राहिली. दोन पुऱ्या खाईपर्यंत काही बोलली नाही. मी बाकड्यावरून बघत होते आणि मनात म्हणत होते, तोंड उघड माय, पुरीसाठी तर उघडतेच आहेस. शेवटी तिनं विचारलं. मला सगळं ऐकू येत होतं, कारण त्या मुली मोठ्यानं बोलत होत्या.

"दीदी, आप लोगों के यहाँ अंदर क्या चलता है?"

"अंदर? अंदर तो सर की चलती है," एक म्हणाली आणि दुसरी खोकली, पाणी नाकात गेलं.

"नहीं, मतलब लैंग्वेज."

"अच्छा! जावास्क्रिप्ट, यार. सुबह-शाम वही. उधर कोने वाले पायथन करते हैं, पर हम सब तो यही."

"तो पहले वही सीखूँ?"

"मैं तो कॉलेज से सी करके आई थी. यहाँ आके नया सीखा. तू जो भी कर, कुछ एक ढंग का बना के ला. आधा-अधूरा मत लाना, सर मुँह बनाते हैं."

आणि तिनं सर कसं तोंड करतात तेही करून दाखवलं. नात हसली. किती दिवसांनी हसली ते मला बरोबर आठवत नाही, पण बऱ्याच दिवसांनी.

ऑटोत मी म्हटलं, "म्हणजे मामाचंच खरं झालं. जावा."

"नहीं आजी, जावास्क्रिप्ट. वो अलग है. जावा से उसका कोई रिश्ता नहीं."

"मंग नाव काहून जावेचं लावलं?"

"उस टाइम जावा बहुत चलती थी, तो नाम लगा लिया."

"असं. म्हणजे नावापुरती जाऊ. मोठ्या घरची म्हणून सांगत फिरणारी."

ऑटोवाला मराठी नव्हता, तरी तो मागे वळून हसला. काय कळलं त्याला, देव जाणे.

मुलाला मी सांगितलं, दिवाळीपर्यंत म्हटलं होतंस, तोवर क्लासचं थांब. त्या दिवसापासून पोरगी बसली. मला वाटलं होतं आठवडाभर बसेल. पण बसली. बनवायचं काय, हे तिनं आईकडे बघून ठरवलं. सुनेकडे बाया विचारायला यायच्या, अमुक मापाच्या ब्लाउजला कापड किती आणू, तमुक बाहीला किती. नात म्हणाली मी असं पान बनवते की मोबाइलवर माप लिहिलं की कापड किती लागेल ते सांगेल. सून म्हणाली, "मी तोंडानं सांगते थे काय कमी हाय?" पण म्हणाली आणि माप सांगत बसली.

मशीनच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून नात टकटक करायची. मामाचा फोन आला की मी कान द्यायची. मामा म्हणाला, पहिली भाषा म्हणून ही नको, हिच्यानं वाईट सवयी लागतात. मला वाटलं आता गेली. पण ती म्हणाली, "मामा, अभी तो यही. बाद में आप जो बोलोगे." मी सुनेकडे बघितलं. सुनेनं भुवया वर केल्या.

गणपतीच्या आधी एकदा तिनं आम्हाला बोलावलं. पान तयार झालं होतं. सुनेनं आपलंच माप सांगितलं. नातीनं ते लिहिलं, बटण दाबलं. उत्तर आलं, सव्वादोन मीटर.

"ब्लाउज हाय का मांडवाचं कापड?" मी म्हटलं.

सून म्हणाली, "मायबाई, एवढी जाडी झाली का मी?"

नातीचं तोंड उतरलं. मला वाटलं आता मोबाइल फेकते आणि ब्राह्मणपाऱ्याचा रस्ता धरते. पण ती पुन्हा खाली बसली. दुपारी जेवायला हाक मारली तर आली नाही. चहाच्या वेळी ओरडली, "इंच! मम्मी इंच में बोलती है, मैंने सेंटीमीटर समझ के…" नाही, उलट काहीतरी होतं. मला नीट समजलं नाही. पण त्यानंतर पानानं नव्वद सेंटीमीटर सांगितलं आणि सून म्हणाली, "हाव, एवढंच लागते." नातीनं तेव्हा आईला मिठी मारली, टाचण्यांसकट. आई ओरडली.

मुलगा हे सगळं बघत होता. एक दिवस कामावरून येताना त्यानं पॅकिंगच्या लाकडाचं एक बुटकं टेबल करवून आणलं आणि मशीनजवळ ठेवलं. "जमिनीवर बसून पाठ वाकडी होईल," एवढंच म्हणाला. त्या टेबलाला एका बाजूनं खिळा वर आलेला होता. तो मी ठोकला.

दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा तेलीबांध्याला गेली. या वेळी मी गेले नाही. एका माणसानं घाबरायला एवढी गर्दी कशाला. सून त्या दिवशी दोरा ओवायची आणि सोडायची. मी भाजी निवडत होते आणि चांगली पानं कचऱ्यात टाकून देठ टोपलीत ठेवत होते, हे मला नंतर कळलं. दुपारी फोन आला. तिला घेतलं होतं. आधी शिकाऊ म्हणून, मग काम बघून पक्कं करणार. सर तोंड वाकडं करतात का, असं मी विचारलं. म्हणाली, "ब्लाउज वाला देख के हँसे. बोले अपनी वाइफ को दिखाऊँगा."

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "शिकाऊ म्हणजे कच्ची." मग अंगणात गेला आणि शेजाऱ्याला सांगून आला. मोठ्यानं.

आता खरी गंमत ऐका. कामावर लागून आठवडाही झाला नसेल, संध्याकाळी आली आणि सहज म्हणाली, "आजी, मुझे पायथन पे डाल दिया."

"म्हणजे?"

"उधर कोने वाला एक लड़का नौकरी छोड़ के पुणे चला गया. उसकी जगह."

"अन् थे दुसरं? जे शिकली थे?"

"वो अभी नहीं लगेगा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मंग होळीपासून काहून रडून राहिली होती? कोणती पहिली, कोणती पहिली करून आमचा जीव खाल्ला. बाप बोलत नव्हता, माय झोपत नव्हती. मी गुडघे घेऊन तलावावर गेली. अन् आता म्हणते अजगर! लाज नाही वाटत?"

ती हसायला लागली. माझ्याजवळ बसली आणि माझ्या मांडीवर पाय टाकले, जे मला आवडत नाही. म्हणाली की अजगर या वेळी भराभर समजतो आहे. पहिलीत जे जे अडलं होतं ते इथं आधीच ओळखीचं वाटतं, फक्त लिहायची पद्धत वेगळी. आधी हाच अजगर धरून सोडला होता, तेव्हा कुठलंच काही शेवटापर्यंत नेलं नव्हतं.

"म्हणजे कोणती बी धरली असती तं चाललं असतं?"

"शायद."

"शायद म्हणते! हे मामाले सांग."

"बोला उनको. वो बोले, मैंने तो पहले ही कहा था."

"त्यानं कधी म्हटलं? त्यानं तं जावा म्हटलं होतं."

"वही तो," ती म्हणाली, आणि पाय काढले नाहीत.

मी पाय राहू दिले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती उठलीच नाही. ऊन अंगणभर आलं, नाश्ता झाला, तरी झोपलेली. तोंड उघडं, केस उशीवर, आदल्या दिवशीचं ओळखपत्र गळ्यातच. सून चादर ओढायला गेली. "उठ वं, किती वेळ? घरात काम पडलं हाय." पूर्वी मीही तेच म्हणाले असते, आणि आवाज चढवून.

आमच्या घरात दिवसा झोपलेल्या माणसासाठी दार लोटून घेणं, कुकरची शिटी होऊ न देणं, पोरांना बाहेर पिटाळणं, हे मी खूप वर्षं केलं. मालक ड्युटीवरून आले की त्यांच्यासाठी. मग मुलगा शिफ्टवरून आला की त्याच्यासाठी. बाईमाणसासाठी कधी केलं नाही. तशी वेळच आली नव्हती.

मी सुनेचा हात धरला. "राहू दे. कामावर जाते थे. झोपू दे."

सुनेनं चादर सोडली. मी दार लोटलं. मुलगा अंगणात मोबाइलवर मोठ्यानं बोलत होता. त्याला खुणेनं सांगितलं, बाहेर जा. तो, का, असं विचारायला लागला. मी दाराकडे बोट दाखवलं. तो चपला हातात घेऊन फाटकाबाहेर गेला.